शेंगदाणा जाळून ऊर्जा मोजताना आकडा कुठे बिघडतो: पोरांसोबत करायचा प्रयोग, पायरीपायरीने

डिसेंबर लागला, शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाची गडबड सुरू झाली की मला दरवर्षी दोन प्रकारचे फोन येतात. एक असा की "सर, शेंगदाण्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ५६७ किलोकॅलरी लिहिलंय आणि आमचे दोनशेच येताहेत, काय चुकलं?" आणि दुसरा, "सर, आमचे बरोब्बर ५६७ आले." पहिल्या पोराचं फारसं काही चुकलेलं नाहीये. दुसऱ्याच्या वहीत पाकिटावरचा आकडा उतरलाय, कारण उघड्यावर डब्याखाली दाणा जाळून तो आकडा येऊच शकत नाही, निम्म्याहून जास्त उष्णता इकडेतिकडे जाते. हे आधीच सांगतोय कारण पोरं (आणि पालकही) कमी आकडा बघून घाबरतात आणि मग खाडाखोड सुरू होते.

आपण काय मोजतोय ते एवढंच: खाण्याचा तुकडा जळतो, त्याची उष्णता पाण्यात जाते, पाणी किती अंश तापलं ते बघायचं. १ ग्रॅम पाणी १ अंश सेल्सिअसने तापायला १ कॅलरी लागते. पाकिटावर जी "कॅलरी" म्हणतात ती खरं म्हणजे किलोकॅलरी, म्हणजे १००० पट, आणि हा हजाराचा घोळ मी दर वर्षी किमान दोन-तीन वह्यांमध्ये बघतो.

## १. आधी जागा आणि माणसं

सहावीच्या पुढची पोरं असतील तर हा प्रयोग छान होतो, पण पेटवायचं काम मोठ्या माणसानेच करायचं, आणि तीन-चार पोरांमागे एक मोठं माणूस हवंच. "मी इथेच आहे, तुम्ही करा" असं म्हणून मोबाईलवर बोलत उभं राहणं म्हणजे लक्ष ठेवणं नाही.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे एक गोष्ट खास बघायची. प्रदर्शनाचे दिवस आणि कापूस घरात येण्याचे दिवस एकच असतात. ओसरीत, पडवीत, कधी पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो. त्या घरात हा प्रयोग करायचा नाही, शेजारच्या खोलीतही नाही. कडबा रचलाय, गॅसची टाकी जवळ आहे, तिथेही नाही. धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) जागा मोकळी असते पण वारा ज्योत टिकू देत नाही. सगळ्यात बरं म्हणजे अंगणातला भिंतीच्या आडोशाचा कोपरा, किंवा शाळेतली खिडक्या उघड्या पण पंखा बंद असलेली खोली, खाली फरशी नाहीतर पत्रा.

सावध: आधी विचारा, कोणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, कोणाला दमा आहे का. पोरांना नाही, त्यांच्या आईवडलांना विचारा. अ‍ॅलर्जी असलेलं पोर गटात असेल तर शेंगदाणा, काजू सगळं बाजूला, मुरमुरे आणि केळीच्या वेफर्सवर प्रयोग करा (वेफर्स कुठल्या तेलात तळलेत तेही बघा).

ओढणी काढून ठेवायची, केस बांधायचे, अंगावर सुती कपडे, डोळ्यावर संरक्षक गॉगल. टेरिलीनच्या युनिफॉर्मवर ठिणगी पडली तर कापड वितळून कातडीला चिकटतं. जवळ वाळूची बादली आणि एक ओलं गोणपाट. कोणाला चटका बसलाच तर २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळदही नाही.

## २. सामान, आणि त्यातल्या तीन गोष्टींवर अडून बसा

कोल्डड्रिंकचा अ‍ॅल्युमिनियमचा रिकामा कॅन, १०० मिली मोजायचं मापाचं भांडं, मोठा स्टीलचा पेपर क्लिप, ओल्या मातीचा गोळा, लायटर, सांडशी, सायकलचा जुना आरा, वारा अडवायला दोन्ही टोकं कापलेला तेलाचा पत्र्याचा डबा. डबा कापायचं काम मोठ्यांचं, आणि कापलेल्या कडा कानसीने घासून घ्या.

अडून बसायच्या गोष्टी अशा:

थर्मामीटर. तापाचा चालत नाही. त्याची मोजणी ३५ ते ४२ अंशातली, आणि जुना पाऱ्याचा असेल तर जास्त तापून फुटतो आणि पारा सांडतो. प्रयोगशाळेतला −१० ते ११० वाला लाल किंवा निळ्या अल्कोहोलचा घ्या, शाळेत असतोच, किंवा स्वयंपाकासाठी मिळतो तो लांब सळईचा डिजिटल.

वजनकाटा. इथे सगळ्यात जास्त प्रयोग फसतात. एक शेंगदाणा साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि घरातला स्वयंपाकाचा काटा १ ग्रॅमच्या खाली वाचत नाही. म्हणजे तो एक तर ० दाखवेल नाहीतर १. एकदा एका गटाने असा १ ग्रॅम धरून पूर्ण तक्ता केला होता, मेहनत इतकी सुंदर होती आणि एकही आकडा वापरता आला नाही, मला त्या पोरांपेक्षा जास्त वाईट वाटलं कारण मी काटा आधी तपासला नव्हता. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. शाळेत नसेल तर ओळखीच्या सराफाकडे सकाळी गर्दी नसताना जा, आपल्या जळगाव-धुळ्याकडे सराफ काही कमी नाहीत आणि पोरं बरोबर असली की सहसा कोणी नाही म्हणत नाही. ०.१ चाच मिळाला तर एक दाणा मोजू नका, पाच दाण्यांचं आधीचं वजन एकत्र, पाचही जळल्यावर उरलेल्या कोळशाचं वजन एकत्र, आणि सरासरी.

भांडं. जाड स्टीलचा पेला किंवा पितळी तांब्या नको. १०० ग्रॅमचा स्टीलचा पेला १ अंश तापायला जवळजवळ १२ कॅलरी स्वतःच खातो, म्हणजे १०० मिली पाण्याला लागणाऱ्या उष्णतेच्या १२ टक्के भांड्यातच. पंधरा ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियमचा कॅन फक्त ३ कॅलरीच्या आसपास खातो. दहावीच्या पुस्तकात विशिष्ट उष्माधारकता वाचतात ना, ती हीच, पोरांना इथे हातात धरून दाखवा. काचेची परीक्षानळी मात्र घरी नको, एका जागी ज्योत लागून तडकते.

सावध: कॅनचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे. झाकण, बूच, चिकटपट्टी काहीही नाही. बंद डब्यात पाणी तापवणं म्हणजे स्फोटाची तयारी.

## ३. खाण्याचे नमुने तयार करा, आदल्या आठवड्यात

घाई करणारे इथे चुकतात. ज्यात पाणी आहे ते आधी स्वतःचं पाणी वाफ करण्यात उष्णता घालवतं. ओल्या शेंगांचे दाणे चर्र करत बसतात, पेट घेत नाहीत. म्हणून दाणे वाळलेले घ्या, थोडे भाजून साल काढलेले असतील तर उत्तम, पटकन पेटतात. खारे दाणे नको, मीठ जळत नाही आणि वजनात मात्र येतं.

आपल्याकडचे चांगले नमुने: शेंगदाणा, सुकं खोबरं, मुरमुरे, ज्वारीची लाही, वाळलेला बिबडा (ज्वारीचा पापड), केळीचे वेफर्स. प्रत्येकाचा साधारण अर्धा ग्रॅम घ्या म्हणजे पाणी सगळीकडे १०० मिलीच ठेवता येतं आणि तुलना खरी होते. मुरमुरे हलके असतात, ते तारेत माळेसारखे ओवावे लागतात.

गूळ, साखर, शेव, दही, भाकरी यांच्या वाटेला जाऊ नका. साखर-गूळ पेटायच्या आधी वितळून टपकतात, आणि वितळलेला गूळ बोटावर पडला तर निघत नाही. भाकरीत ओल असते. शेवेतलं तेल थेंबथेंब खाली गळतं.

केळ्याचं वेगळं सांगतो कारण रावेर-यावलकडची, म्हणजे केळीच्या भागातली पोरं हमखास विचारतात, "वेफर जळतो आणि केळं का नाही?" ताज्या केळ्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. १०० ग्रॅम केळ्यात साधारण ९० किलोकॅलरी, आणि वेफर्समध्ये पाचशेच्या वर, कारण पाणी गेलं आणि तेल आलं. हवं तर पातळ चकत्या उन्हात कडक वाळवून जाळून बघा, आपलं ऊन त्याला पुरेसं आहे, पण त्या धुमसतात जास्त आणि ज्योत कमी देतात, आकडा खूप कमी येतो. तो कमी आकडा तसाच लिहा आणि पुढे "धुमसलं, ज्योत टिकली नाही" अशी नोंद करा.

इथे तपासा: प्रयोगाचे दाणे वेगळ्या डब्यात, डब्यावर "खाऊ नये". पोरं प्रयोग करताकरता दाणे तोंडात टाकतात, दर वेळी. त्यांच्यासाठी खायचे दाणे घरात वेगळे ठेवा, सगळं आवरून हात धुतल्यावर.

## ४. मांडणी करा आणि एकदा कोरी फेरी घ्या

पेपर क्लिप उलगडून त्याचं एक टोक वाटीसारखं वळवा, दाणा त्यात बसेल इतकं. दाण्यात टाचणी खुपसायला जाऊ नका, दाण्याची दोन दलं होतात आणि ऐन जळताना एक खाली पडतं. क्लिपचं दुसरं टोक मातीच्या गोळ्यात.

कॅनच्या वरच्या कडेजवळ समोरासमोर दोन भोकं पाडून त्यातून आरा घाला आणि तो आरा पत्र्याच्या डब्याच्या काठावर टेकवा, म्हणजे कॅन आत लटकतो. पत्र्याच्या डब्याला खाली तीन-चार मोठी भोकं ठेवायची, हवा आत आली नाही तर ज्योत काजळी ओकते आणि विझते. एका बाजूने हात जाईल एवढी खिडकी कापा.

दाण्याचं टोक आणि कॅनचा तळ यात दोन ते अडीच सेंटिमीटर. जवळ ठेवलं तर ज्योत तळाला दबून अर्धवट जळते, सगळी काजळी, लांब ठेवलं तर उष्णता वाऱ्यावर. हे अंतर पट्टीने मोजा आणि प्रत्येक फेरीला तेच ठेवा.

आता कोरी फेरी. १०० मिली पाणी घालून, काही न पेटवता, पाच मिनिटं थर्मामीटर बघत बसा. बरेच लोक हे सोडून देतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा ४२-४३ अंशावर असते आणि माठातलं पाणी पंचवीस-सव्वीसवर, ते नुसतं ठेवलं तरी आपोआप तापत जातं आणि ती वाढ दाण्याच्या खात्यात जमा होते. पाच मिनिटात एक अंशाहून जास्त फरक पडला तर पाणी थोडा वेळ खोलीत उघडं ठेवून हवेच्या जवळ येऊ द्या. सुरुवातीचं पाणी हवेपेक्षा चार-पाच अंश गार असलेलं मात्र चांगलंच, कारण आधी ते हवेतून थोडं घेतं आणि शेवटी तेवढंच हवेला देतं, दोन्ही चुका साधारण एकमेकींना खाऊन टाकतात. हिवाळ्यात सकाळी नऊ-दहाची वेळ मला सगळ्यात सोयीची वाटते.

## ५. पेटवायच्या आधीचा क्रम, हाच पाळा

१) क्लिप आणि दाणा एकत्र तोला. मातीचा गोळा काट्यावर ठेवायचा नाही, माती वाळत जाते, तिचं पाणी उडतं आणि ती घट दाण्याच्या नावावर लिहिली जाते. ही चूक मी स्वतः पहिल्या वर्षी केली, आकडे इतके विचित्र येत होते की थर्मामीटर बदलला, काटा बदलला, शेवटी संध्याकाळी मातीला पडलेल्या भेगा दिसल्या तेव्हा कळलं.

२) वजन लगेच वहीत. "लक्षात आहे सर" चालत नाही.

३) कॅनमध्ये मोजून १०० मिली ताजं पाणी. मागच्या फेरीचं गरम पाणी पुन्हा वापरू नका.

४) थर्मामीटरचं टोक पूर्ण पाण्यात, पण तळाला टेकलेलं नाही. तळाला टेकला तर तो पाण्याचं नव्हे, पत्र्याचं तापमान सांगतो.

५) एक मिनिट थांबून सुरुवातीचं तापमान, अर्ध्या अंशापर्यंत, डोळे थर्मामीटरमधल्या द्रवाच्या रेषेच्या पातळीवर आणून. एकाने वाचायचं, दुसऱ्याने न सांगता परत वाचायचं, दोघांचं जुळलं की लिहायचं.

इथे तपासा: वहीत तीन आकडे आहेत का, वजन, पाणी, तापमान? एकही रिकामा असेल तर लायटर हातात घ्यायचा नाही.

## ६. पेटवणं

मोठ्या माणसाने सांडशीने क्लिप धरून, कॅनपासून लांब, दाणा पेटवायचा. लायटरची ज्योत कॅनखाली नेली तर पाणी गॅसने तापतं. दाणा पेटायला दहा-वीस सेकंद लागतात, धीर धरा. पेट घेतला की क्लिप पटकन मातीत रोवून खिडकीतून कॅनखाली सरकवा. हे दोन-तीन सेकंदात झालं पाहिजे, म्हणून न पेटवता चार वेळा नुसता सराव करा.

सावध: पेटत नाही म्हणून रॉकेल, स्पिरिट, सॅनिटायझर लावायचं नाही. पोरांच्या डोक्यात ही आयडिया येतेच. एक तर भडका उडतो, आणि वर मोजलेली ऊर्जा रॉकेलची.

जळताना पोरांनी हातभर लांब बसायचं, तोंड ज्योतीवर आणायचं नाही, खोबरं आणि शेंगदाणा दोन्हीतून गरम तेल उडतं. एकाने पाणी पातळ काडीने हळूच ढवळत राहायचं. थर्मामीटरने ढवळायचं नाही, त्याचं टोक फुटतं. मधेच विझला तर दहा सेकंदात परत पेटवा आणि तशी नोंद करा, पण त्याच फेरीत दोनदा विझला तर ती फेरी रद्द. सगळे शांत बसलेले असतात आणि मग कोणीतरी हमखास विचारतं, "सर, कितलं तपनं?" (किती तापलं?) तेव्हा आकडा सांगू नका, त्यांनाच वाचू द्या.

## ७. ज्योत विझल्यावरची दोन मिनिटं

माझ्या मते सगळ्या प्रयोगातली ही सगळ्यात जास्त वाया घालवलेली दोन मिनिटं. ज्योत विझली की पोरं ओरडतात, कोणीतरी लगेच रीडिंग घेतं आणि सगळे दुसऱ्या दाण्याकडे वळतात. पण तळ अजून गरम आहे, निखारा अजून लाल आहे, पाणी अजून तापतंय. ढवळत राहा, दर पंधरा सेकंदांनी तापमान लिहा, ते वाढेल, थांबेल, आणि उतरायला लागेल. त्यातला सगळ्यात मोठा आकडा आपला. हा फरक एक-दोन अंशाचा असू शकतो, आणि एकूण वाढच बारा-तेरा अंशाची असते, म्हणजे दहा टक्के चूक इथेच.

क्लिप गार होऊ द्या, पाच मिनिटं तरी. मग क्लिप आणि उरलेला कोळसा परत तोला. कोळसा खाली पडला असेल तर तोही उचलून काट्यावर. मातीत अडकलेला तुकडा सोडला तर तो "जळला" असं धरलं जातं आणि आकडा कमी येतो.

## ८. गणित

समजा असं आलं: आधीचं वजन २.१८ ग्रॅम, नंतरचं १.६६, म्हणजे जळलं ०.५२ ग्रॅम. पाणी २४ वरून ३७ अंशावर, वाढ १३.

१०० × १३ = १३०० कॅलरी.
१३०० ÷ ०.५२ = २५०० कॅलरी दर ग्रॅमला, म्हणजे २.५ किलोकॅलरी.
१०० ग्रॅमला २५० किलोकॅलरी.

किलोज्यूल हवे असतील तर किलोकॅलरीला ४.१८४ ने गुणा.

पाकिटावर ५६७ असेल तर २५० म्हणजे ४४ टक्के उष्णता आपण पाण्यात पकडली. उघड्या सेटअपला हे चांगलं आहे. बाकीची कुठे गेली याची यादी पोरांकडूनच काढून घ्या: बाजूने निघून गेलेली गरम हवा, पत्र्याचा डबा, तळावरची काजळी (ती न जळलेली ऊर्जाच आहे), कॅन स्वतः. पाकिटावरचा आकडा तर मुळात असा दाणा जाळून काढलेलाच नसतो, तो बहुतेक वेळा स्निग्ध पदार्थ ग्रॅमला ९, कर्बोदकं ४, प्रथिनं ४ असा हिशोब करून काढतात.

भागताना पूर्ण दाण्याच्या वजनाने भागू नका. जेवढं जळलं तेवढ्यानेच. आणि ३००, ४०० टक्क्यांची उत्तरं आली तर पहिल्यांदा दशांश चिन्ह बघा.

एका पदार्थाच्या तीन फेऱ्या तरी हव्यात. तिन्ही आकडे थोडे वेगळे येणारच, २३०, २५०, २६५ असे आले तर मला विश्वास वाटतो. तिन्ही सारखेच आले की मी वही मागतो. एखादा १२० आला तर त्याला खोडू नका, शेजारी कारण लिहा, वारा आला होता की दाणा पडला होता. तक्त्यात शेंगदाणा, खोबरं वर आणि मुरमुरे खाली असा क्रम आला की प्रयोग जमला, कारण आपला सेटअप खरा आकडा देत नसला तरी कोणात जास्त हे तो बऱ्यापैकी बरोबर सांगतो.

## ९. दोन फेऱ्यांच्या मधे, आणि शेवटी

प्रत्येक फेरीनंतर कॅन पूर्ण गार झाल्यावर तळाची काजळी ओल्या फडक्याने पुसा, काजळीचा थर उष्णता अडवतो आणि चौथ्या-पाचव्या फेरीचे आकडे विनाकारण उतरत जातात. पाणी नवीन. क्लिप नवीन किंवा घासून स्वच्छ. ते पाणी प्यायचं नाही, झाडाला घाला.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर पेटवून दाखवायची परवानगी नसेल तर हट्ट करू नका, मंडपाचं कापड, थर्माकोल, कागद सगळं आजूबाजूला असतं. आधी केलेल्या फेऱ्यांचे फोटो, कच्ची वही आणि न पेटवलेला सेटअप ठेवा. कच्ची वहीच ठेवा, सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली नको, परीक्षकांना डागाळलेल्या पानावरची रीडिंग्ज बघायला आवडतात, मला तरी आवडतात.

आवरताना जळके दाणे कचऱ्याच्या टोपलीत टाकायचे नाहीत. बाहेरून काळा दिसणारा दाणा आत बराच वेळ लाल असतो. सगळे वाळूच्या बादलीत, वर पाणी. मग वहीत बघा किती दाणे पेटवले, आणि वाळूतले मोजा. एक जरी कमी भरला तर तो सापडेपर्यंत जागा सोडायची नाही.